लिहिणाऱ्या बोटांचा भार आणि बॉलपेनची घडण

बॉलपेनने तास-दोन तास सलग लिहिल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ, मधल्या बोटाच्या शेवटच्या पेराजवळ पडणारा घट्टा आणि कोपरापर्यंत भरून येणारा हात यांचा दोष सामान्यतः पेनच्या दांड्याला दिला जातो, आणि त्यामुळेच ‘आरामदायी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेनांवर रबराची जाड ग्रिप, बोटांसाठी केलेले खळगे किंवा फुगीर मध्यभाग असतो. लेखनातील श्रमाचा उगम मात्र त्याहून खाली, पेनच्या टोकाशी आहे. एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी व्यासाची गोळी, तिला वेढून असलेली शाई आणि समोरचा कागद यांच्यात जे घडते त्यावरून किती दाबून लिहावे लागणार हे ठरते, आणि तो दाब बोटांवर कसा वाटला जावा एवढेच मग दांड्याच्या हाती उरते. बॉलपेनच्या सुधारणेचा सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर लिहिणाऱ्या हाताला सर्वाधिक उसंत रसायनतज्ज्ञांनी आणि धातुतज्ज्ञांनी मिळवून दिल्याचे दिसते. दांड्याचे आकार घडवणाऱ्यांचा वाटा त्यामानाने लहान आहे, जरी दुकानाच्या काचेआडून तोच आधी नजरेत भरतो.

टोकाची रचना सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे. पितळ, जर्मन सिल्व्हर किंवा स्टेनलेस स्टील यांच्या बारीक तारेच्या टोकाला खोबण कोरलेली असते, तिच्यात गोळी बसवून खोबणीची कड आतल्या बाजूला वळवली जाते, आणि गोळी निसटू नये पण मोकळी फिरावी एवढीच, हजाराव्या मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी लागणारी फट कड आणि गोळी यांच्यात ठेवली जाते. गोळी कागदावरून फिरली की तिची आतली बाजू शाई घेऊन बाहेर येते आणि ती कागदावर ठेवते. गोळीला फिरवणारे बल कागदाच्या घर्षणातून मिळते, तर तिला अडवणारे बल खोबणीशी होणाऱ्या घर्षणातून आणि शाईच्या श्यानतेतून, म्हणजे द्रवाने वाहण्याला केलेल्या अंतर्गत विरोधातून, येते. पारंपरिक बॉलपेनच्या शाईला तेलकट शाई म्हणण्याची रीत असली तरी तिच्यात मुख्यतः बेन्झिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथेनॉल यांसारखी सावकाश उडणारी द्रावके, रंगद्रव्ये आणि राळ असते, आणि तिची श्यानता पाण्याच्या दहा हजार पटींच्या घरात, म्हणजे जवळजवळ मधाएवढी असते. फटीतून आपोआप गळू नये म्हणून शाई घट्ट ठेवावी लागते, आणि ती घट्ट ठेवली की गोळी फिरवायला जोर अधिक लागतो. कागदाची गोळीवर पुरेशी पकड बसावी म्हणून लिहिणारा नकळत दाब वाढवतो. तो कमी पडला तर गोळी फिरण्याऐवजी घसरते आणि रेघ तुटते. चकचकीत कागदावर पेन ‘उठत नाही’ ते याच कारणाने, आणि एकच कागद कडक बाकावर ठेवून लिहिण्यापेक्षा खाली चार कागद घेऊन लिहिणे सोपे जाते तेही याच कारणाने, कारण खालचा थर मऊ असला की गोळी कागदात किंचित रुतते आणि तिला धरणारे तंतू वाढतात.

साधारण लेखनात टोकावर १ ते २ न्यूटन, म्हणजे १०० ते २०० ग्रॅम वजन ठेवल्याएवढा दाब पडतो, आणि घाईत, मनावर ताण असताना किंवा लिहिण्याची सवय नसलेल्या हाताकडून तो याहून अधिक पडतो. हा आकडा क्षुल्लक वाटला तरी त्याचा परिणाम बोटांपर्यंत पोहोचताना वाढतो. पेन खाली दाबले की कागद त्याला वर ढकलतो, आणि बोटे दांड्यावरून खाली घसरू नयेत म्हणून दांडा आवळून धरावा लागतो. किती आवळावे लागेल हे त्वचा आणि दांडा यांच्यातील घर्षणांकावर अवलंबून असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या बलाने टेकवले आहेत त्याच्या कितव्या हिश्शाएवढी घसरण ते रोखू शकतात, हे सांगणारी ती संख्या आहे. गुळगुळीत प्लॅस्टिक आणि घामेजलेली बोटे यांच्यासाठी ती ०.४ मानली आणि टोकावरचा दाब १.५ न्यूटन धरला, तर ढोबळ हिशेबाने तिन्ही बोटांची मिळून जवळजवळ ४ न्यूटनची आवळ लागते, आणि पेन निसटण्याच्या धास्तीने माणूस त्याहूनही अधिक आवळतो. स्नायूंना थकवते ती ही अखंड आवळ. अक्षरे काढताना होणारी बोटांची हालचाल तुलनेने हलकी असते.

या हिशेबातूनच सुधारणेच्या वाटा निघतात. रबरी ग्रिप घर्षणांक वाढवते आणि मऊपणामुळे दाब अधिक क्षेत्रफळावर पसरवते, त्यामुळे तिचा उपयोग खरा आहे. पण टोकावरचा दाबच निम्मा झाला, तर आवळ निम्मी होतेच, शिवाय मनगट व कोपर यांच्यावरचा भारही उतरतो, जो रबराने उतरत नाही. आणखी एक वाट दांड्याच्या घडणीत आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. बहुतेक पेने टोकाकडे निमुळती होत जातात, म्हणजे बोटांना खाली घसरण्यासाठी जणू उतारच करून ठेवलेला असतो. उलट दांडा बोटांच्या खाली थोडा रुंदावला किंवा तेथे लहानशी कड ठेवली, तर बोटे त्या कडेवर टेकतात आणि घर्षणाच्या भरवशावर राहावे लागत नाही. अनेक शाईच्या पेनांच्या पकडीला निबजवळ अशी फुगीर कड असते. बॉलपेन बनवणाऱ्यांनी ती उचलली असती तर रबराचा निम्मा खर्च वाचला असता, असे म्हणायला हरकत नाही.

दाब देऊन लिहिणे ही मुळात बॉलपेननेच लावलेली सवय आहे. बोरू, पीस किंवा निब यांच्यातून शाई केशाकर्षणाने, म्हणजे अतिशय बारीक फटीतून द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, कागदावर उतरते आणि त्यासाठी टोक कागदाला टेकले तरी पुरते. म्हणून त्या काळी हात दुखत नव्हते असे मात्र नाही. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या आजारांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची न थांबणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण अशी तीन कारणे त्यात दिली आहेत. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलेल्या आणि पुढे तो हातही जायबंदी करून घेतलेल्या एका लेखनिकाची हकिकतही त्यांनी नोंदवली आहे. पिसाच्या लेखणीच्या काळातील हे निरीक्षण आजच्या पेनविक्रेत्यांच्या दाव्यांना आवर घालायला पुरेसे आहे, कारण पेन कितीही सुधारले तरी या तिन्हीपैकी एकही कारण त्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही.

गोळीची कल्पना अमेरिकेतील जॉन लाउड यांच्या १८८८ च्या पेटंटमध्ये आढळते, पण त्यांचे उद्दिष्ट कातडे, लाकूड अशा खडबडीत पृष्ठभागांवर खुणा करण्याचे होते आणि त्यांची रचना पत्रलेखनासाठी फार ओबडधोबड होती. हंगेरीतील पत्रकार लास्लो बिरो यांनी छापखान्यातील शाई लवकर वाळते हे पाहून ती पेनात वापरण्याचा विचार केला, मात्र ती निबमधून उतरत नाही म्हणून गोळीची रचना निवडली, शाईच्या बाबतीत भाऊ ग्योर्गी यांची मदत घेतली आणि १९३८ मध्ये ब्रिटिश पेटंट मिळवले; पुढे अर्जेंटिनात स्थलांतर करून त्यांनी १९४३ मध्ये सुधारित रचनेसाठी तेथे अर्ज केला. न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात २९ ऑक्टोबर १९४५ रोजी मिल्टन रेनॉल्ड्स यांचे बॉलपेन साडेबारा डॉलर किमतीला विक्रीला आले आणि पहिल्याच दिवशी सुमारे दहा हजार पेने खपली, पण ही पेने गळत, अडत आणि खिसे रंगवत, त्यामुळे काही वर्षांत लोकांचा या प्रकारावरचा विश्वासच उडाला. फ्रान्समध्ये मार्सेल बिच यांनी १९५० च्या अखेरीस आणलेल्या ‘बिक क्रिस्टल’ या पेनात गोळी व खोबण यांची मापे काटेकोर सांभाळली गेली, आणि बॉलपेन ही भरवशाची वस्तू झाली. या पेनाचा षट्कोनी दांडा पेन्सिलीवरून घेतलेला आहे, तो टेबलावरून घरंगळत नाही आणि त्याच्या दांड्यातले बारीक भोक आतील व बाहेरील हवेचा दाब समान ठेवते. बोटांच्या सोयीचा विचार त्यात बेताचाच आहे, तरीही २००६ पर्यंत अशी शंभर अब्ज पेने विकली गेली. लोकांनी आरामापेक्षा खात्री आणि किंमत यांना अधिक महत्त्व दिले, असा याचा अर्थ आहे. शिवाय दाबून लिहिण्याचा एक लाभही होता, तो म्हणजे कार्बन कागदाखाली दोन-तीन प्रती उमटवणे, जे नाजूक निबला झेपत नसे. पावतीपुस्तके आणि बिलबुके जोवर कार्बनवर चालली, तोवर दाब हा कार्यालयीन लेखनात दोष मानलाच गेला नाही.

दाब कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न शाई पाण्याची करून झाला. पातळ, पाण्याची शाई आणि गोळीचे टोक यांचा संयोग असलेली रोलरबॉल पेने हलकी चालत, पण त्यांची शाई कागदाच्या आरपार जाई, रेघेच्या कडेला फाटे फुटत आणि टोपण उघडे राहिले की टोक सुकत असे. ओसाका येथील साकुरा कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या जेल शाईने यातून मार्ग काढला. जेल शाईत पाणी व रंगकणांबरोबर झँथन गम यांसारखा दाटपणा आणणारा पदार्थ असतो, आणि त्याचा गुण असा की स्थिर असताना शाई घट्ट राहते, गोळी फिरू लागली की तिच्यालगतचा थर क्षणात पातळ होतो आणि कागदावर उतरताच पुन्हा घट्ट होतो. गळू नये एवढी घट्ट आणि अडू नये एवढी पातळ, या दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच द्रवाकडून पुऱ्या करून घेण्याची ही युक्ती बॉलपेनच्या इतिहासातील सर्वांत देखणी युक्ती म्हणावी लागेल. जेल रिफिलच्या मागच्या टोकाला दिसणारा पारदर्शक ग्रीसचा थर शाईतील पाणी उडू देत नाही आणि शाई संपत जाते तसा तिच्यामागून पुढे सरकतो. या सोयीची किंमत म्हणजे शाई भराभर संपते, आणि ओल्या रेघेवरून हात गेला की अक्षरे पुसटतात, ज्याचा सर्वाधिक जाच डावखुऱ्यांना होतो, कारण डावीकडून उजवीकडे लिहिताना त्यांचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या शब्दांवरून सरकत असतो.

दुसरी वाट तेलकट शाईच पातळ करण्याची होती. जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने (मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशी समूहाशी तिचा संबंध नाही) २००६ मध्ये जपानी बाजारात आणलेल्या ‘जेटस्ट्रीम’ पेनातील शाईची श्यानता पारंपरिक शाईच्या कितीतरी पट कमी होती, आणि त्यानंतर पायलट, पेंटेल इत्यादी कंपन्यांनीही त्याच धाटणीच्या शाया काढल्या. शाई इतकी पातळ झाल्यावर ती फटीतून गळू नये म्हणून टोकाच्या रचनेतच बंदोबस्त करावा लागतो. अनेक टोकांमध्ये गोळीच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती लिहीत नसताना गोळीला कडेशी दाबून फट बंद करते आणि पेन कागदावर टेकताच मागे सरून वाट मोकळी करते. अशा शाईची रेघ गडद उमटते, ही गोष्ट केवळ देखणेपणाची नाही. रेघ फिकी दिसली की डोळा हाताला अधिक दाबण्याचा इशारा देतो आणि हात तो विचार न करता पाळतो, त्यामुळे शाईचा गडदपणा हाही बोटांच्या आरामाचाच एक घटक ठरतो.

गोळी आणि खोबण यांच्या धातूंचे महत्त्व शाईइतकेच आहे. गोळी आता बहुधा टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण संयुगाची असते. बिक कंपनीने तिचा वापर १९६१ पासून केला, तर पार्करने त्याआधी १९५७ मध्ये शाई व कागद दोन्ही नीट पकडता यावेत म्हणून खरखरीत पृष्ठभागाची कार्बाइडची गोळी आणली होती. गोळी झिजत नाही तेव्हा झीज खोबणीच्या वाट्याला येते, आणि खोबण झिजून फट वाढली की गोळी डुगडुगते, कडेला शाईचे गोळे साचतात आणि लेखन खरबरीत होते. ही खोबण कोरण्याजोगे पोलाद बनवणे किती कठीण आहे याची जाणीव जगाला चीनमुळे झाली. वर्षाला सुमारे ३८ अब्ज बॉलपेने बनवणारा हा देश टोकासाठीचे पोलाद बाहेरून आणत होता. पंतप्रधान ली कछ्यांग यांनी २०१६ च्या आरंभी याविषयी जाहीर खंत व्यक्त केली, आणि वर्षभराने तायुआन येथील पोलाद कारखान्याने २.३ मिलिमीटर व्यासाची योग्य तार तयार केल्याचे जाहीर केले.

दांड्याच्या बाबतीत प्रयोग पुष्कळ झाले, पण टिकलेले थोडे आहेत. पायलटने १९९१ मध्ये ‘डॉक्टर ग्रिप’ हे पेन १३.८ मिलिमीटर व्यासाच्या मऊ पकडीसह आणले, ते खांदे व हात अवघडणाऱ्या कारकुनी वर्गाला समोर ठेवून. जाड दांड्यावर बोटे कमी वाकतात आणि दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो हे खरे असले, तरी व्यास वाढत जातो तसा बोटांच्या बारीक हालचालींना वाव कमी होतो आणि लहान अक्षरे काढणे कठीण होते, म्हणून मोठ्या हाताला सोयीचे पेन लहान मुलाला जड जाते. त्रिकोणी पकड अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना आपापली बाजू देते, पण जे लेखक चार बोटांनी किंवा अंगठा तर्जनीवरून आडवा टाकून पेन धरतात त्यांना तिच्या कडा टोचतात; अशी पकड चुकीची म्हणून ती सोडवण्याचा शाळेतील आटापिटा बहुधा अनाठायी असतो, कारण वेगळ्या पकडीनेही पुष्कळ लोक जलद आणि न थकता लिहितात. तर्जनी मध्ये ठेवता येईल अशी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची पेने बोटांची आवळ जवळजवळ नाहीशी करतात, कारण तेथे दाब बोटाच्या वजनानेच पडतो. संधिवाताच्या रुग्णांना ती उपयोगी पडतात, मात्र खिशाला लावता येत नसल्याने सर्वसामान्यांत रुजली नाहीत.

जड धातूचे पेन स्वतःच्या वजनाने लिहिते, हा समज मात्र हिशेबात टिकत नाही. २० ग्रॅमच्या पेनाचे वजन ०.२ न्यूटन भरते, म्हणजे लागणाऱ्या दाबाचा फार तर पाचवा हिस्सा, आणि तेही पेन उभे धरले तर. उलट प्रत्येक वेळी पेन उचलताना ते वजन हातालाच पेलावे लागते. वजन किती यापेक्षा ते टोकाजवळ आहे की मागे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण मागे झुकणारे पेन अंगठ्याच्या बेचक्यात ओढ देत राहते. रबराचा टिकाऊपणाही हवामानावर अवलंबून असतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात दांड्यावरचा मखमली लेप पाण्याच्या वाफेने विघटित होऊन चिकट होतो, आणि विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात शाईची श्यानता उतरल्याने एरवी शहाण्यासारखे वागणारे पेन खिशात पाझरू लागते.

देवनागरी लेखनाच्या काही गरजा वेगळ्या आहेत आणि रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या पेनांत त्यांचा विचार झालेला दिसत नाही. जोडून लिहिलेल्या रोमन अक्षरांत शब्दभर पेन न उचलता चालते; देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेवटी शिरोरेघ यांसाठी ते वारंवार उचलून टेकवावे लागते. मोडीने शिरोरेघ आधीच ओळभर ओढून आणि अक्षरे एकमेकांत गुंतवून हा प्रश्न बोरूच्या काळीच सोडवला होता. प्रत्येक टेकणे ही गोळीची नवी सुरुवात असते, आणि गोळीवरची शाई किंचित सुकलेली असेल तर पहिला अंश उमटतच नाही. म्हणून लगेच उठणारी शाई देवनागरीला अधिक गरजेची आहे. अनुस्वाराचे उदाहरण तर बोलके आहे. गोळी फिरल्याखेरीज शाई उतरत नसल्याने बॉलपेनने ठिपका नुसता टेकवून येत नाही, तो दाबून किंवा लहानसा वळसा देऊन काढावा लागतो, आणि मराठीच्या पानभर मजकुरात असे ठिपके कितीतरी असतात. बॉलपेनची रेघ सर्व दिशांना सारखीच जाड असल्याने बोरूच्या तिरप्या छाटामुळे येणारे वळणाचे सौंदर्य तर हरवतेच. पेन उभे धरावे लागणे हीही एक अडचण आहे, कारण शाईचे पेन कागदाशी ४५ अंशांच्या आसपास तिरपे चालते, तर बॉलपेन फार कलले की खोबणीची कड कागदाला घासू लागते, आणि ते टाळण्यासाठी मनगट किंचित वळलेले ठेवावे लागते.

दहावीच्या भाषा विषयाच्या उत्तरपत्रिकेसाठी तीन तास आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन-तीन तासांच्या नऊ वर्णनात्मक प्रश्नपत्रिका, एवढे हाताने लिहिणे आजही ज्यांना भाग आहे त्यांच्या दृष्टीने रिफिलची निवड दांड्याच्या निवडीपेक्षा आधी यायला हवी. येथे एक व्यावहारिक सोय उपलब्ध आहे. बॉलपेनच्या रिफिलच्या मापांसाठी आयएसओ १२७५७ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यातील जी-२ हे माप पार्करच्या धातूच्या रिफिलवरून रूढ झाले आहे. हे माप चालणाऱ्या दांड्यात दुसऱ्या कंपनीची, कमी श्यानतेच्या शाईची किंवा जेलची रिफिल बसते, त्यामुळे हाताला जुळलेला दांडा कायम ठेवून टोक तेवढे बदलता येते. स्वस्त पेनांपैकी पुष्कळांच्या रिफिलची लांबी आणि जाडी ज्याच्या त्याच्या सोयीची असते, त्यांच्या बाबतीत हा पर्याय उरत नाही, आणि रिफिल दांड्यात सैल बसली तर प्रत्येक टेकण्याला टोक खडखडते. ही खडखड थांबवण्यासाठी झेब्रा या जपानी कंपनीने २०१८ मध्ये ‘ब्लेन’ हे पेन केवळ कंपन कमी करण्याच्या हेतूने आखले. त्यात टोक धरून ठेवणाऱ्या भागाची आणि वजनाच्या तोलाची मांडणी नव्याने केलेली आहे. साध्या पेनात तोच परिणाम थोडाफार मिळवण्यासाठी रिफिलच्या टोकाजवळ कागदाची बारीक पट्टी गुंडाळण्याची जुनी विद्यार्थी-युक्ती पुरेशी ठरते.